सुती साडीची हातशिलाईची गोधडी: उशीपासून भिंतीपर्यंत

घर सजवायचं ठरलं की पहिली फेरी दुकानात होते. मी म्हणेन, आधी घरातलं कपाट उघडा. आईच्या, सासूबाईंच्या, मावशीच्या धुऊन-धुऊन मऊ झालेल्या सुती साड्या तिथे वर्षानुवर्षं घडी मोडून घडी घातलेल्या असतात. नेसायला विरलेल्या, पण टाकवत नाहीत अशा. त्यातल्या दोन-तीन साड्यांमधून दिवाणखान्यातल्या उशांच्या खोळी, पलंगाच्या पायथ्याची पट्टी आणि भिंतीवर लावायचा एक मोठा तुकडा, एवढं आरामात निघतं.

लग्न होऊन मी कोरेगावकडच्या गावात आले तेव्हा आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मला वाकळ, म्हणजे गोधडी, शिवायला शेजारी बसवून घेतलं. आता पुण्यात राहते आणि ओळखीच्या लोकांना त्यांच्याच घरातल्या साड्यांच्या अशा वस्तू करून देते. या कामातून माझं एक मत पक्कं झालंय. गोधडीची खरी शोभा धावदोऱ्याच्या ओळीत असते, ठिगळांचे रंग त्याच्या मागून येतात. हल्ली गोधडीसारखी छापील चादर मिळते, मशीनवर टीप मारलेलीही मिळते. ती लांबून बरी दिसते, पण हात फिरवला की सपाट लागते. हातशिलाईच्या गोधडीवर टाक्याटाक्याला बारीक उंचवटा येतो, तो बोटांना कळतो आणि बाजूने उजेड पडला की डोळ्यांनाही दिसतो. पुढे कापड, रंग, जागा आणि दिवा यांबद्दल जे सांगणार आहे, ते सगळं हा उंचवटा दिसावा म्हणूनच.

साडी कुठली घ्यायची

शुद्ध सुती. पॉलिएस्टरच्या साडीत सुई अडते, थर एकमेकांवरून घसरतात आणि उन्हाळ्यात त्या उशीला डोकं टेकवत नाही. शंका असेल तर साडीच्या टोकाचे चार धागे ओढून काढा, चिमट्यात धरा आणि मोरीत पेटवून बघा. सुती धागा जळताना कागद जळल्याचा वास येतो आणि मागे मऊ राखाडी राख राहते, ती बोटांत चुरते. पॉलिएस्टर वितळतं आणि थंड झाल्यावर टणक काळी गाठ उरते.

मालेगाव, सोलापूर, इचलकरंजीकडची रोजची सुती पातळं या कामाला उत्तम. इरकली साडीही सुरेख दिसते, पण ती जपून वापरावी लागते. इरकल कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातलं, तिथल्या साडीचं अंग सुती असलं तरी काठ-पदर बऱ्याचदा रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचे असतात. धुतल्यावर सुती अंग आटतं आणि काठ तेवढा आटत नाही, मग काठाला सुरकुत्या पडतात. म्हणून इरकलीचे काठ आधी कापून वेगळे करा, सगळं एकदा धुऊन घ्या आणि मग ते पुन्हा जोडा.

नऊवारी म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर कापड, पण ते सगळं सारखं मजबूत नसतं. बसण्याची जागा आणि कासोट्याचा भाग आधी विरतो. सहावारीत फॉलचा काठ आणि कमरेजवळचा पट्टा जातो, पदरावर खांद्यापाशी पिनेची भोकं असतात. याउलट नेसताना जो भाग सगळ्यात आधी खोचला जातो आणि वरच्या घेरांखाली झाकला जातो, तिथला रंग बहुतेक वेळा टवटवीत सापडतो. साडी खिडकीसमोर उजेडात धरा. जिथून पलीकडचे गज दिसायला लागतात, तो भाग आतल्या थराला. जिथे वीण घट्ट आहे, दोन्ही अंगठ्यांनी ताणलं तरी चर्र आवाज येत नाही, तो भाग वरच्या थराला. कापताना खडूने अशा खुणा करूनच कापा.

रंग जातो का हे तपासल्याशिवाय कात्री लावू नका. पांढरा रुमाल ओला करून साडीच्या कोपऱ्यावर ठेवा आणि वरून गरम इस्त्री दाबा. रुमालावर रंग उतरला तर ती साडी पांढऱ्या किंवा फिकट कापडाशेजारी घ्यायची नाही. लाल, किरमिजी आणि गडद निळ्या साड्यांबाबत हे हमखास करा. मीठ किंवा तुरटीच्या पाण्याच्या भरवशावर राहू नका.

मग साड्या रात्रभर साध्या पाण्यात भिजत घाला. खळ निघाली पाहिजे. खळ राहिली तर सुई कुरकुरत जाते आणि पुढे कसर लागायला तेच निमित्त होतं. सकाळी धुवा, सावलीत वाळवा, किंचित दमट असतानाच इस्त्री करा.

थर कसे लावायचे

अंथरायच्या-पांघरायच्या वाकळीला चार-पाच थर घालतात. उशीला आणि भिंतीवरच्या तुकड्याला तीन पुरे. वर तुमची निवडलेली साडी, मधे विरलेलं धोतर किंवा साडीचा झिरझिरीत भाग, खाली साधं एकरंगी सुती कापड. मधे पॉलिएस्टरचं वॅडिंग, म्हणजे कापसासारखा फुगीर थर, घालायचा मोह होतो, कारण त्याने चटकन फुगीरपणा येतो. घालू नका. त्याने गोधडीचं दुलईत रूपांतर होतं, आणि टाक्याचा तो बारीक उंचवटा फुगवट्यात हरवून जातो.

पहिल्या वेळेला उशीची खोळच करा. तयार खोळ १६ बाय १६ इंचांची हवी असेल तर थर १९ बाय १९ इंचांचे कापा. धावदोरा घालत गेलं की कापड आटत येतं, किती ते तुमच्या हातावर अवलंबून. शिलाई झाल्यावर ते छाटून १७ इंच करायचं, म्हणजे सर्व बाजूंनी शिलाईसाठी अर्धा इंच जागा मिळते.

खालचा थर फरशीवर उलटा पसरा आणि कडांना कागदी चिकटपट्टी लावून ताणून बसवा. फार ओढू नका, फक्त सुरकुती राहू नये. त्यावर मधला, त्यावर वरचा. तिन्ही थरांचा उभा धागा एकाच दिशेला असू द्या, एक थर आडवा गेला तर धुतल्यावर गोधडी एका बाजूला ओढली जाते. मग मधून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने चार-चार बोटांच्या अंतरावर कच्चे टाके घाला. आत्याबाई कच्चे टाके घालताना घाई खपवून घेत नसत. कच्चे टाके नीट पडले की पुढचं काम मांडीवर, गप्पा मारत, टीव्ही बघत कसंही करता येतं.

ठिगळांची गोधडी करायची असेल तर तुकड्यांच्या कडा पाव इंच आत दुमडून वरच्या थरावर टाचा आणि धावदोऱ्याच्या ओळीतच त्या पकडत जा. वेगळं शिवायची गरज नाही.

धावदोरा

दोरा सुती आणि जाड हवा. परल कॉटनचा आठ नंबरचा गोळा छान चालतो. तो नाही मिळाला तर भरतकामाच्या सहा पदरी लडीतले तीन पदर घ्या. शिलाई मशीनचा रिळाचा दोरा फार बारीक, तो कापडात बुडून जातो आणि ओळ दिसतच नाही. सुई लांब आणि मोठ्या नाकाची, पण अंगाने बारीक. दाभण नको, त्याने विरलेल्या कापडाला भोकं पडतात. मधल्या बोटात अंगुस्तान घाला, तीन थरांतून सुई ढकलून संध्याकाळपर्यंत बोट दुखून येतं.

दोरा हाताच्या बोटांपासून कोपरापर्यंत येईल एवढाच, फार तर थोडा जास्त. लांब घेतला की गुंता होतो आणि कापडातून सारखा घासून दोऱ्याला पिंजर येते. मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढून घेतला तर आणखी बरं. गाठ मारून सुई वरच्या थरातून आत घाला, दोरा हलका झटका देऊन ओढा, गाठ टुक करून आत जाते आणि दोन्ही बाजूंनी दिसत नाही.

टाका तांदळाच्या दाण्याएवढा, आणि दोन टाक्यांमधली जागाही तेवढीच. सुईवर तीन-चार टाके एकदम घ्यायचे आणि मग ओढायचं. डावा हात गोधडीच्या खाली असतो. सुईचं टोक त्या हाताच्या बोटाला टोचल्यासारखं लागलं, म्हणजे तिन्ही थर पकडले गेले. हे बोटालाच कळायला हवं. डोळ्याने वरून बघत बसलात तर खालचा थर सुटलेला लक्षात येत नाही. दोरा ओढताना तो कापडावर बसला आणि शेजारी हलकी घळ पडली की थांबा. त्याहून ओढलं तर चुण्या पडतात. प्रत्येक ओळ संपली की अंगठ्याने ओळीवरून एकदा दाबत जा, दोरा सारखा पसरतो.

ओळी कशा घालायच्या याच्या बऱ्याच रीती आहेत. आमच्याकडे कडेपासून सुरुवात करून चौकोनात फिरत-फिरत मध्यापर्यंत यायचं. आपण आपल्याभोवती गोधडी फिरवत राहतो आणि चौकोन लहान होत जातो. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका कवंदी शिवतात, त्याही अशाच बाहेरून आत येतात, आणि कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची त्रिकोणी फुलं लावतात. ती फुलं भिंतीवरच्या तुकड्याला फार गोड दिसतात. लावायची असतील तर दोन इंची चौकोन दोनदा तिरका दुमडा आणि कड शिवतानाच कोपऱ्यात अडकवा.

उशीला दोन ओळींमध्ये अर्ध्या बोटाचं अंतर ठेवा. पांघरायच्या गोधडीला एक बोट चालतं. शेजारच्या ओळीतले टाके एकाखाली एक आले तर गोधडीवर सरळ धारा उमटतात, एकाआड एक आले तर बारीक दाणेदार पोत येतो. मला दाणेदार पोत जास्त आवडतो, पण एका वस्तूत एकच रीत ठेवा.

दोऱ्याचा रंग हा सगळ्यात मोठा निर्णय. गडद साडीवर पांढरा किंवा साईच्या रंगाचा दोरा, फिकट साडीवर किरमिजी किंवा निळा. साडीच्याच रंगाचा दोरा घ्यायचा सल्ला पुष्कळ जण देतात. मला तो पटत नाही, इतक्या संध्याकाळी ज्या ओळीसाठी घातल्या ती ओळच लपून जाते.

खोळ, पट्टी आणि भिंतीवरचा तुकडा

खोळीची पाठ पाकिटासारखी उघडी ठेवा, चेन लावू नका. १७ इंच रुंद आणि १२ इंच उंच असे एकरंगी कापडाचे दोन तुकडे घ्या. प्रत्येकाची एक लांब कड एक इंच दुमडून शिवा. गोधडीचा तुकडा सुलट बाजू वर करून ठेवा, त्यावर हे दोन तुकडे उलटे असे ठेवा की मधे ते पाच इंच एकमेकांवर येतील. चारी बाजूंनी अर्धा इंच सोडून शिवा. ही शिलाई मात्र मशीनवर किंवा घट्ट उलट टाक्याने करा, कारण सगळा ताण तिथेच येतो. आतली उशी १८ इंचांची भरा. १६ च्या खोळीत १६ चीच उशी घातली तर कोपरे रिकामे लोंबतात.

पलंगाच्या पायथ्याच्या पट्टीला २० इंच रुंदी छान दिसते. पाच फूट रुंद पलंगाला लांबी सात फूट धरा, म्हणजे दोन्ही बाजूंना फूटभर लोंबते. दोन्ही लांब कडांना साडीचे काठ येऊ द्या आणि धावदोरा फक्त लांबीच्या दिशेने घाला. इथे चौकोन नको, लांबच लांब ओळींमुळे पलंग ऐसपैस दिसतो.

भिंतीवरच्या तुकड्यासाठी अडीच बाय साडेतीन फूट हे माप लहान फ्लॅटलाही झेपतं. त्याला खिळे किंवा चिमटे लावून टांगू नका, टांगलेल्या जागी कापड ताणतं आणि मधे झोळ पडतो. मागच्या बाजूला वरच्या कडेला तीन इंची नेफा शिवा आणि त्यात बांबूची सरळ काठी किंवा पडद्याचा लाकडी दांडा घाला. नेफा मागे थोडा सैल ठेवा, नाहीतर दांड्याची गोलाई पुढून उठून दिसते. खालच्या कडेला लहान नेफा करून त्यात लाकडाची पातळ पट्टी घातली की तुकडा ताठ राहतो. भिंतीपासून अर्धा-पाऊण इंच अंतर सोडा. पावसाळ्यात मागून हवा खेळली पाहिजे. मुंबई-कोकणात ज्या बाहेरच्या भिंतीला ओल येते ती भिंत सोडूनच द्या. उंची अशी ठेवा की तुकड्याचा मध्य जमिनीपासून साधारण ५७ ते ६० इंचांवर येईल. खाली सोफा असेल तर त्याच्या पाठीपासून आठ-दहा इंच वर.

घरात मांडताना

एका खोलीत एकच मोठी गोधडी. भिंतीवर टांगली असेल तर सोफ्यावर तिच्यातल्याच एखाद्या रंगाच्या साध्या उशा ठेवा. उशा गोधडीच्या असतील तर भिंत मोकळी. आणि उशा दोन किंवा तीन, सहा नाहीत. लोक इतक्या हौसेने सगळं एकदम मांडतात की कुठल्याच वस्तूवर नजर ठरत नाही. वारलीची चौकट, सावंतवाडीची लाकडी फळं, ढोकऱ्याचा पितळी घोडा, मोत्याचं तोरण, प्रत्येक वस्तू आपापल्या जागी देखणी आहे. पण ती सगळी एका फळीवर ठेवली की त्यांचं प्रदर्शन होतं. सावंतवाडीची परडी जेवणाच्या टेबलावर ठेवा, तोरण दाराला असू द्या, गोधडीशेजारी तांब्याचा एखादा साधा गडू पुरे.

साडी निवडताना ती दुकानातल्या उजेडात न बघता आपल्या फरशीवर पसरून बघा. शहाबादी फरशीच्या करड्या रंगावर हिरवी, किरमिजी, हळदी, काहीही खुलतं. हल्लीच्या साईरंगी चकचकीत टाइल्सवर फिकट साडी अगदी विरून जाते, तिथे गडद निळी, काळी चंद्रकळा किंवा गर्द हिरवी हवी. पडदे साधे मांजरपाटाचे ठेवले की खोली शांत होते आणि सगळं लक्ष कापडाकडे जातं. जरीचे पडदे आणि गोधडी एकत्र मला तरी कधी जमलेले दिसले नाहीत.

उजेडाचा विचार फारसा कोणी करत नाही, आणि फरक तर तिथेच पडतो. छताच्या मधोमध लावलेल्या पांढऱ्या एलईडीखाली गोधडी सपाट दिसते, कारण उजेड समोरून सगळीकडे सारखा पडतो. त्याऐवजी तुकड्याच्या बाजूला, भिंतीला लागून, उजेड तिरका पडेल असा दिवा लावा, २७०० केल्विनचा पिवळसर बल्ब घालून. प्रत्येक टाक्याच्या कडेला बारीक सावली पडते आणि एकरंगी साडीवरही पूर्ण नक्षी उभी राहते. हे आधी करून बघायचं असेल तर रात्री खोलीतले दिवे घालवा आणि मोबाइलची बॅटरी गोधडीच्या कडेला भिंतीलगत धरा. दिवा कुठे लावायचा ते तिथेच ठरेल.

आणि गोधडी जिथे हाताला लागते तिथे ती सगळ्यात शोभते. झोपाळ्याची, म्हणजे विदर्भातल्या बंगईची, बैठक, खिडकीतला कट्टा, पाटावरचं आसन. झोपाळ्याच्या फळीवर चार थरांची गोधडी घाला आणि चारी कोपऱ्यांना नाड्या शिवून कड्यांना बांधा, म्हणजे घसरत नाही. थेट ऊन येणाऱ्या खिडकीत मात्र कायमची ठेवू नका, एका उन्हाळ्यातही रंग उतरतो.

निगा

थंड पाणी आणि रिठा. रिठ्याची सालं रात्री भिजवून सकाळी कुस्करून गाळून घ्या, त्या फेसात गोधडी खळखळून काढा, पिळू नका. ओली गोधडी फार जड होते, एका दोरीवर टाकली तर मधे ताणते, म्हणून दोन समांतर दोऱ्यांवर पसरा, सावलीत. भिंतीवरच्या तुकड्याला धुण्यापेक्षा महिन्यातून एकदा अंगणात किंवा गॅलरीत नेऊन पाठीवर हलकं झटकणं पुरतं. पावसाळ्याआधी वैशाखात तासभर उलट्या बाजूने ऊन द्या. कपाटात ठेवताना वेखंडाचे तुकडे किंवा वाळलेला कडुनिंबाचा पाला पातळ कापडात बांधून ठेवा आणि अधूनमधून घडीची जागा बदला, एकाच घडीवर कापड फाटतं.

कुठे विरलं तर लगेच ठिगळ लावा, भोक मोठं होण्याची वाट बघू नका. नवं कोरं कापड ठिगळाला घेऊ नका, ते जुन्या कापडाला ओढतं. तितकंच धुतलेलं, मऊ झालेलं कापड घ्या आणि जुन्या ओळींवरूनच नवा धावदोरा चालवा.

स्वतः शिवणं जमत नसेल तर शिवणाऱ्या बाईंना काम द्या, पण मशीनच्या गोधडीच्या भावाशी तुलना करत घासाघीस करू नका. हाताने शिवलेल्या एका पांघरुणाला कित्येक आठवडे लागतात. साड्या धुऊन, इस्त्री करून द्या, वर कुठला भाग हवा त्यावर चिठ्ठी टाचा, दोरा आपणच निवडून द्या आणि ओळींमधलं अंतर बोटाने दाखवून ठरवा. साडी आईची किंवा आजीची असेल तर कात्री लागण्याआधी घरातल्या बहीण-भावंडांना विचारा, एखाद्याला पदर तसाच हवा असतो. आणि काम झालं की उरलेल्या चिंध्या परत मागून घ्या, पुढे ठिगळाला त्याच साडीचा तुकडा लागतो.